लायनेल क्विल्टरचा चौथा निरोप

डेलिया : हात वर कर. इतका नको, पोलिसानं पकडल्यासारखा. खांद्याएवढा.

लायनेल : टाचणी टोचली.

डेलिया : टोचणारच. तू हललास.

लायनेल : हललो नाही, श्वास घेतला. डिसेंबर महिना, उत्तरेकडून भट्टीसारखा वारा सुटलाय, अख्ख्या मेलबर्नमध्ये कुत्रंसुद्धा सावली सोडून हलत नाही, आणि माझ्या अंगावर केसाळ कॉलरचा ओव्हरकोट. माणसानं श्वासही घ्यायचा नाही?

डेलिया : घे, पण पोट आत ठेवून घे. कमरेत चार बोटं दाबायचाय. हा ज्याच्यासाठी शिवला तो तुझ्या दीडपट होता.

लायनेल : हा कुणासाठी शिवलेला नाही. क्लबनं माझ्यासाठी खास लंडनहून मागवलाय. आतली पट्टी बघ. शिंप्याचं नाव आहे, गल्लीचं नाव आहे.

डेलिया : ते नाव मीच टाचलंय.

लायनेल : म्हणजे?

डेलिया : म्हणजे कोट मीच शिवलाय. दोन वर्षांपूर्वी, थिएटरच्या कपडेघरात बसून. त्या लढाईच्या नाटकातल्या जनरलसाठी. तिसऱ्या अंकात त्याला गोळी लागायची. हे बघ, छातीवर छिद्र. दर शनिवारी दोनदा मरायचा बिचारा.

लायनेल : पण मग लंडनच्या शिंप्याचं नाव कशाला?

डेलिया : जनरल कोट काढून खुर्चीवर टाकायचा ना, आतली बाजू बाहेर करून. मॅनेजर म्हणाले, पहिल्या रांगेतली माणसं तेवढीच बघायला येतात.

लायनेल : आणि कॉलर? ही तर उत्तरेतल्या कुठल्या तरी बर्फाळ प्रदेशातली...

डेलिया : पॉसमची आहे. आपल्या छपरावर रात्रभर धुडगूस घालतात, त्यांच्यापैकीच.

लायनेल : हे बाहेर कुणाला बोलू नकोस, डेलिया.

डेलिया : मी कुठे बोलणार? तुम्हा लेखकांच्या त्या भटक्यांच्या क्लबात बायकांना घेतात कुठे!

लायनेल : मी मस्करी करत नाहीये. उद्या लंडनची बोट, आणि आज संध्याकाळी सहाला क्लबच्या जेवणात हाच कोट घालून मला व्यासपीठावर उभं राहायचंय. निरोप घेणाऱ्यानं प्रवासाच्या पोशाखातच यायचं, हा क्लबचा रिवाज आहे.

डेलिया : ठाऊक आहे मला रिवाज. तीनदा इस्त्री केलीय त्या रिवाजाला.

लायनेल : ... तू आत्ता खोकलीस का?

डेलिया : नाही.

लायनेल : खोकल्यासारखं वाटलं.

डेलिया : तोंडात टाचण्या होत्या, त्या काढल्या.

लायनेल : पण तुझा खोकला पुरता गेला नाहीये. रात्री मी ऐकतो. मागे डॉक्टर म्हणाले होते, हिला एकटीला ठेवू नका.

डेलिया : ते दुसऱ्या निरोपाच्या वेळी म्हणाले होते. आणि ‘ठेवू नका’ नव्हते म्हणाले, ‘मध द्या’ म्हणाले होते. आता मी ठणठणीत आहे. वळ.

लायनेल : आणि तुझी आई?

डेलिया : तिचं काय?

लायनेल : नाही, वय झालंय. या उन्हात म्हाताऱ्या माणसांचं काही सांगता येत नाही. पहिल्या वेळी नाही का, ऐन वेळेला...

डेलिया : पहिल्या वेळी तिची दाढ काढली होती, लायनेल. परवा ती रिचमंडहून चालत आली, पोतंभर बटाटे घेऊन, आणि चालत परत गेली. उद्या तुला पोचवायला धक्क्यावर येणार आहे. नवी टोपी घेतलीय त्यासाठी.

लायनेल : नवी टोपी!

डेलिया : चेरीची फळं आहेत वर. मी म्हटलं, आई, इतकं कशाला. तर म्हणाली, या खेपेला जातोय म्हणे, बघून तरी घेऊ.

लायनेल : तुमच्या घरात मला कुणी कधी गांभीर्यानं घेतलंच नाही.

डेलिया : तुझी पेटी भरून ठेवलीय. शर्ट आठ, मोजे बारा, हस्तलिखित मेणकापडात गुंडाळून मधोमध. तीच पेटी दिलीय, क्लबनं पहिल्या निरोपाला दिलेली. तिला वाट पाठ आहे.

लायनेल : हा टोमणा होता.

डेलिया : खरं तेच सांगतेय. मागच्या खेपेला तू धक्क्यावरून परत आलास, पेटी मात्र बोटीत चढली होती. लंकेच्या गॉल बंदरापर्यंत जाऊन आली बिचारी. तुमच्या त्या अख्ख्या भटक्यांच्या क्लबात सगळ्यात जास्त भटकलेली तीच असेल.

लायनेल : तू या खेपेला फारच शांत आहेस, डेलिया.

डेलिया : आहे खरी.

लायनेल : म्हणजे तुला काहीच वाटत नाही?

डेलिया : वाटतं ना. वाटतं, कॉलरचा टाका सुटेल. भाषण म्हणून बघ एकदा. हातवारे करताना काखेत ताण बसतो का ते कळेल.

लायनेल : मित्रहो! आज मी घरी निघालो आहे. ज्या नगरीच्या धुक्यात आपली भाषा जन्मली, ज्या नदीकाठी...

डेलिया : आधी जननी आहे.

लायनेल : काय?

डेलिया : ‘ती आपल्या सर्वांची जननी’ हे वाक्य धुक्याच्या आधी आहे. तिन्ही वेळा तसंच होतं.

लायनेल : या वेळी बदललंय. हे बघ : मित्रहो, आधुनिक लेखकाला घर नसतं, त्याला फक्त महानगर असतं. तो गर्दीत एकटा असतो...

डेलिया : मग ‘घरी निघालो’ कसं म्हणतोस?

लायनेल : अगं, सगळेच म्हणतात तसं! इंग्लंडला कुणी इंग्लंड म्हणतं का? घर म्हणतात.

डेलिया : म्हणतात खरं. तू जीलाँगला जन्मलास. बापाचं लोकरीचं गोदाम. मी जन्मले जहाजावर, तेही इकडे येताना. तुमचे ते खजिनदार जन्मले होबार्टला. सगळे मिळून ज्या घरी जायला निघालात ते कुणी पाहिलंय का कधी?

लायनेल : न पाहिलेल्याचीच तर ओढ असते. तुला नाही कळायचं. तू कपड्यात वाढलीस.

डेलिया : हो ना. म्हणून मला शिवण लगेच दिसते. कोण आलं बघ, जिन्यावर कुणी तरी धापा टाकतंय.

पेनफोल्ड : जिना नव्हे, हे गिर्यारोहण आहे! मिसेस क्विल्टर, अभिवादन. मित्रवर्या लायनेल, अहाहा! साक्षात लंडनचा साहित्यिक! काय तो कोट! एक मिनिट, मला खिडकीशी बसू द्या. क्लबाच्या चिटणीसाला उन्हाळ्यात मरण येणं शोभत नाही.

डेलिया : बसा, मिस्टर पेनफोल्ड. थंड चहा आहे.

पेनफोल्ड : चहा? मी आत्ताच आमचं ते हिरवं फ्रेंच पेय घेऊन आलो. एकच पेला. कविजनांचं विष!

डेलिया : ते ना? कोपऱ्यावरचा औषधवाला करतो. बडीशेप आणि पुदिना. मागे माझ्या आईची पोटदुखी थांबली होती त्यानं.

पेनफोल्ड : ... चहाच द्या.

लायनेल : हॉरेस, जेवण पुढं ढकललं नाही ना? नाही म्हणजे, एवढ्या उकाड्यात मंडळींचे हाल नकोत.

पेनफोल्ड : ढकलायचं? चाळीस ताटं मांडलीयत. हा बघ छापील कार्यक्रम : ‘गुरुवार, दहा डिसेंबर अठराशे चौऱ्याहत्तर. आपल्या क्विल्टरला निरोप.’ ‘चौथा’ हा शब्द मी छापू दिला नाही. खजिनदार म्हणत होता, गेल्या वर्षीचेच कागद उरलेत, तारीख खोडून वापरू. मी म्हटलं, साहित्याचा काही मान ठेवा!

लायनेल : उपकार झाले.

पेनफोल्ड : आणि आता बसून घे, कारण मी एक गौप्यस्फोट करणार आहे. या खेपेला क्लबनं चांदीची दौत दिली नाही, काठी दिली नाही. क्लबनं तुझं तिकीटच काढलंय. हे बघ. उद्या दुपारी बारा, सँडरिजचा धक्का, आगबोट ‘नेरिसा’, दुसरा वर्ग, खिडकीची खोली. तुझ्या नावानं. परत होत नाही, बदलत नाही, दुसऱ्याला देता येत नाही.

लायनेल : म्हणजे... खरं तिकीट?

पेनफोल्ड : खरं म्हणजे? शिक्का बघ!

लायनेल : एकाचंच आहे.

पेनफोल्ड : अर्थात. तू जाऊन जम बसव, मागाहून मिसेस क्विल्टरही येतील. तसंच ठरलंय ना, मिसेस क्विल्टर?

डेलिया : असं ठरलंय हे मी चार वर्षं ऐकतेय.

लायनेल : बघ हॉरेस, बघितलंस? तिचा आवाज बघ कसा झाला. ही एकटी राहणार, थिएटरचं काम, हा जिना...

डेलिया : माझा आवाज असाच आहे. साखर किती, मिस्टर पेनफोल्ड?

पेनफोल्ड : तीन. आता मुख्य गोष्ट. लंडनच्या प्रकाशकाचं पत्र. त्यांनी तुला बोलावून घेतलंय, ते जेवणाच्या वेळी मी मोठ्यानं वाचणार. चौथ्या पेल्यानंतर. दे.

लायनेल : ते... खासगी आहे.

पेनफोल्ड : महान माणसांचं काही खासगी नसतं.

लायनेल : अक्षर फार वाईट आहे त्यांचं. तुला लागणार नाही.

डेलिया : छान आहे अक्षर. पेटीच्या वरच्या कप्प्यात आहे. हे घ्या.

लायनेल : डेलिया!

डेलिया : काय? उद्या तू बोटीवर असशील. मग पत्र कोण वाचणार, मी?

पेनफोल्ड : अहाहा, कागदालाच धुक्याचा वास आहे! ‘महाशय, आपली कादंबरी आम्ही लक्षपूर्वक वाचली. भाषा नेटकी आहे. परंतु गॅसचे दिवे, नाटकगृहं, खानावळी, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आणि रात्री उशिरापर्यंत जागणारे तरुण हा माल आमच्याकडे स्वदेशीच मुबलक तयार होतो. वसाहतीतून वाचकांची अपेक्षा निराळी असते. आपल्या चारशे पानांत एकही कांगारू आढळला नाही.’ ... ‘वणवा, दरोडेखोर, वाट चुकलेलं मूल यांपैकी काही घालता आल्यास, आणि नायक इंग्लंडहून आलेला सद्गृहस्थ करता आल्यास, आम्ही पुन्हा विचार करू.’

लायनेल : वाचलंस? झालं समाधान?

पेनफोल्ड : थांब. ‘पुन्हा विचार करू.’ म्हणजे नाही म्हटलेलं नाही!

डेलिया : माझ्या आईनं यालाही असंच म्हटलं होतं, लग्नाच्या वेळी.

लायनेल : हॉरेस, मी आयुष्यात एकच कांगारू पाहिलाय. पिंजऱ्यात होता. आजारी होता. माझ्याकडे पाठ करून बसला होता.

पेनफोल्ड : मग तोच घाल!

लायनेल : पाचव्या प्रकरणात? नाटक सुटल्यावर, पॅटिसच्या गाडीशी रांगेत उभा?

पेनफोल्ड : का नाही? पण ते तू तिकडे जाऊन ठरव. मी चौथ्या पेल्यानंतर नुसतं ‘भाषा नेटकी आहे’ एवढंच वाचेन आणि कागद हलवत राहीन. आता माझं एक वैयक्तिक काम. सांगायला संकोच वाटतो.

डेलिया : मी आत जाऊ?

पेनफोल्ड : नको, नको. असं आहे, तुझं सदर. ‘रिकामटेकड्याचा फेरफटका’. संपादकांनी ते आता मला दिलंय. पुढल्या शनिवारपासून.

लायनेल : तुला?

पेनफोल्ड : तू जाणार म्हटल्यावर कुणाला तरी देणारच ना? म्हणजे मी मागितलं नाही. म्हणजे मागितलं, पण विनयानं. चालेल ना?

लायनेल : चालेल ना. का नाही चालणार? मी काय, मी लंडनला.

पेनफोल्ड : तेच म्हटलं मी. फक्त अडचण अशी की, मला काही दिसत नाही.

लायनेल : काय दिसत नाही?

पेनफोल्ड : शहर! काल बर्क स्ट्रीटवर तीन तास उभा राहिलो. केस विस्कटून, कंटाळलेला चेहरा करून, अगदी आधुनिक. आणि काय दिसलं? घोडे. माणसं. पुन्हा घोडे. वहीत एवढंच लिहिलंय बघ : ‘धूळ आहे.’

डेलिया : ती मात्र आहे.

लायनेल : तू थिएटरसमोर उभा होतास? मग मिसेस गॅफ्नी दिसली नाही? संत्री विकणारी?

पेनफोल्ड : एक म्हातारी होती.

लायनेल : एक म्हातारी! अरे, ती बाई वीस वर्षं त्या दारात बसतेय आणि एकदाही आत गेलेली नाही. पण टाळ्या ऐकून सांगते, नाटक किती दिवस चालणार. टाळ्या एकदम कडाडून एकदम थांबल्या, तर चाललं. लोकांना पुढचं बघायची घाई असते. टाळ्या रेंगाळल्या की ती संत्री झाकायला लागते. म्हणते, रेंगाळणाऱ्या टाळ्या ओळखीच्या माणसांच्या असतात बाळा, बिचारे हात दुखेपर्यंत वाजवतात. आणि तिचं कधी चुकत नाही. आमच्या समीक्षकांचं चुकतं.

पेनफोल्ड : थांब, थांब, लिहून घेतो. ‘हात दुखेपर्यंत...’

लायनेल : आणि कॉलिन्स स्ट्रीटचा तो कोपरा. तीन ते पाच तू तिथं रोज मिरवतोस ना?

पेनफोल्ड : सगळेच मिरवतात. तोच तर आपला बुलव्हार, पॅरिसच्या हमरस्त्यासारखा!

लायनेल : मग आज, या वाऱ्यात, जाऊन बघ. न्यायाधीशाची बायको असो, कपडे धुणारी असो, त्या कोपऱ्यावर आली की वारा वळतो, आणि प्रत्येकीचा हात एकाच क्षणी टोपीला जातो. समोरून येणारीचाही. एरवी ज्या एकमेकींकडे बघणार नाहीत त्या तिथं एकमेकींना सलाम केल्यासारख्या दिसतात. अख्ख्या शहरात तेवढी एकच जागा आहे जिथं सगळे सगळ्यांना मान देतात. वाऱ्यामुळे का होईना.

पेनफोल्ड : मी रोज तिथून जातो. मला हे कसं दिसलं नाही?

डेलिया : तुम्ही स्वतःची टोपी धरलेली असता, मिस्टर पेनफोल्ड.

लायनेल : आणि तारघराच्या पायऱ्या! दोन वर्षांपूर्वी इंग्लंडची तार सुरू झाली तेव्हापासून एक म्हातारा मेंढपाळ दर सोमवारी येतो. आपल्या नावानं काही आलंय का विचारतो. कुणी त्याला तार करणार नाही. पण खिडकीतली ती लाल केसांची मुलगी आहे ना, ती उठते, सगळे कागद खरोखर चाळते, मग म्हणते, या आठवड्यात नाही, साहेब. दर सोमवारी खरोखर चाळते. नुसतं नाही म्हणून टाकत नाही. तिचं नाव मी अजून विचारलेलं नाही. विचारलं की गोष्ट संपेल असं वाटतं. येत्या सोमवारी मी म्हणत होतो...

डेलिया : सोमवारी तू समुद्रात असशील.

लायनेल : हं. हो. असेन.

पेनफोल्ड : लायनेल, हे अप्रतिम आहे. पण एक शंका. यात पॅरिस कुठंय?

लायनेल : काय?

पेनफोल्ड : तुझ्या प्रत्येक लेखात असतं ना, ‘पॅरिसच्या अमुक गल्लीत बसलो असता मला आठवलं’. त्याशिवाय हे साहित्य कसं होणार? हे तर नुसतं इथलंच झालं.

लायनेल : घाल की शेवटी.

पेनफोल्ड : कुठलं पॅरिस?

लायनेल : कुठलंही. कोण तपासतंय? आपल्या क्लबात पॅरिस कुणी पाहिलंय?

पेनफोल्ड : तू!

डेलिया : आईकडे एक प्रवासाचं पुस्तक आहे. त्यातून पाहिलंय.

लायनेल : डेलिया, हे बोलायची गरज नव्हती.

डेलिया : मिस्टर पेनफोल्डना लागेल ना आता. घेऊन जा, मिस्टर पेनफोल्ड. फक्त पुढची निम्मी पानं उंदरांनी खाल्लीयत. नदीच्या उजव्या तीराचं काही सापडणार नाही.

पेनफोल्ड : म्हणून... म्हणून तू नेहमी डाव्या तीरावरच बसलेला असायचास!

लायनेल : आता कळलं ना? बोल काय बोलायचंय ते.

पेनफोल्ड : मी काय बोलणार? खरं सांगू? मला शंका होती. खजिनदारालाही होती. पण आम्ही कधी काढली नाही. तुझं पॅरिस खोटं ठरलं तर आमचं काय उरतं? आम्ही कुठले कलंदर? उरतात चाळीस कारकून, ज्यांना लवकर घरी जायचं नसतं. म्हणून म्हणतो, लायनेल, तू जाच. आपल्यातला एक तरी खरोखर तिकडे असायला हवा. मग आम्ही सांगू शकू, आमचा क्विल्टर लंडनला असतो.

लायनेल : आणि लंडनमध्ये मी कोण असेन?

पेनफोल्ड : तू? तू आमचा क्विल्टर.

लायनेल : तिकडे ‘आमचा’ म्हणायला कोण आहे?

पेनफोल्ड : ... होईल कुणीतरी. आता कार्यक्रम ऐक. पहिला पेला राणीसाहेबांच्या नावानं उचलायचा. दुसरा साहित्याचा. तिसरा तुझा. चौथ्यानंतर पत्र. पाचवा समुद्राचा. सहावा खजिनदाराचा, कारण तो रुसतो. आणि सातवा, मिसेस क्विल्टर, खास तुमचा!

डेलिया : माझा?

पेनफोल्ड : हो तर! ‘सातवा पेला : ज्या नांगरानं अखेर जहाज मोकळं सोडलं, त्या नांगराचा.’ क्लबात तुम्हांला नांगरच म्हणतात. प्रेमानं हो! आणि त्यावर मी चार कडवी रचली आहेत. पहिल्यात तुमच्या मातोश्रींचं मरणाच्या दारातून परत येणं, दुसऱ्यात तुमचा क्षय...

डेलिया : क्षय?

पेनफोल्ड : बरा झालेला. आणि तिसऱ्यात तो धक्क्यावरचा प्रसंग. ‘कवळुनी पाय पतीचे, पडली ती मूर्च्छित’. हे म्हणताना खजिनदार गेल्या आठवड्यात रडला.

डेलिया : कोण मूर्च्छित पडली?

पेनफोल्ड : तुम्हीच की. गेल्या वर्षी. सँडरिजच्या धक्क्यावर, बोटीची शिट्टी झाली तेव्हा. आपण बेशुद्ध पडलात, आणि लायनेल शिडीवरून परत उतरला. सगळ्या क्लबाला ठाऊक आहे.

डेलिया : मला मात्र ठाऊक नव्हतं.

लायनेल : डेलिया, ऐक. मी नुसतं म्हटलं होतं की तुला जरा चक्कर...

डेलिया : गेल्या वर्षी शिट्टी झाली तेव्हा मी धक्क्यावर नव्हतेच, मिस्टर पेनफोल्ड. हा म्हणाला भूक लागली, म्हणून मी याच्यासाठी पॅटिस आणायला गेले होते. दोन पॅटिस घेऊन परत आले तर बोट निघालेली आणि हा दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसलेला. मला म्हणाला, हस्तलिखित घरी राहिलं. मी म्हटलं, बरं. आम्ही दोघांनी पॅटिस खाल्ले आणि चालत घरी आलो. वाटेत हा तीनदा हसला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच हसत होता, म्हणून मी काही विचारलं नाही.

पेनफोल्ड : पण मग ते पाय कवटाळणं...

डेलिया : मी आजवर कुणाचे पाय धरलेले नाहीत. पायाचं माप घेतलंय, तेही नटांच्या.

लायनेल : मी तुझी बदनामी करायला नाही म्हटलं. लोक विचारतात ना, का नाही गेलास? काहीतरी सांगावं लागतं. प्रत्येक जण म्हणाला, अरेरे, बायको! आणि पाठीवर हात ठेवला. पुढं मला काही सांगावंच लागलं नाही.

डेलिया : चार वर्षं झाली. चाळीस माणसं मला नांगर म्हणतात, आणि मी कॉलिन्स स्ट्रीटवरून जाताना सगळे टोपी काढतात. मला वाटायचं, माझ्या शिवणकामाचा मान आहे.

लायनेल : तसाही आहे.

डेलिया : आज सकाळपासून तू मला विचारतोयस, खोकलीस का, आई कशी आहे. मला वाटलं, जायच्या दिवशी माणूस हळवा होतो. तू पाचवं कडवं शोधत होतास.

पेनफोल्ड : चारच आहेत. म्हणजे... मी खाली जाऊन बग्गी उभी आहे का बघतो.

डेलिया : बसा तुम्ही. चहा संपवा.

पेनफोल्ड : पण मला मंडळींना जाऊन सांगायला हवं, साडेचार झाले. मिसेस क्विल्टर, तुमचा राग योग्य आहे. तिसरं कडवं मी गाळतो. पण काही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. उद्या धक्क्यावर नको. तुम्ही नुसतं ‘जाऊ नका’ म्हटलंत तरी आम्ही समजून घेऊ. आम्हांला सवय आहे.

लायनेल : बघ, डेलिया. तो काय म्हणतोय बघ. तुझा हक्कच आहे तो.

डेलिया : मला काही म्हणायचं नाही. कोट झाला, पेटी भरली, आईनं टोपी घेतली. तुला जायचं असेल तर मी धक्क्यावर उभी राहून रुमाल हलवीन, बोट दिसेनाशी होईपर्यंत. रात्री रडेनही, ते माझं मी बघीन. पण तुझं वाक्य मी म्हणणार नाही. तीन वेळा मी न म्हणता माझ्या नावावर खपलंय ते.

लायनेल : एकदाच. शेवटचं.

डेलिया : नाही.

लायनेल : नुसतं खोकलीस तरी...

डेलिया : लायनेल.

(खाली बग्गीचा घोडा टापा आपटतो. पेनफोल्ड रिकामा पेला दोनदा तोंडाला लावतो.)

पेनफोल्ड : मग काय सांगू मी त्यांना? आपलं नेहमीचंच? मिसेस क्विल्टर अचानक...

लायनेल : तिचं नाव घेऊ नकोस.

पेनफोल्ड : मग कुणाचं घेऊ?

लायनेल : माझं. जे विचारतील त्यांना सांग, तिनं मला अडवलं नाही, हॉरेस. एकदाही नाही. मलाच जायचं नव्हतं. आजही नाही.